एक नाका टोलचा, एक नाका मजुरांचा

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून दहिसरसह मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला आणि आमच्या मीरा-भाईंदरमध्ये जल्लोष झाला. श्रेय घेणारे फलक रातोरात चौकाचौकांत लागले. गंमत अशी की या जल्लोषात सामील झालेल्या दहांपैकी आठ जणांनी त्या नाक्याच्या खिडकीत आयुष्यात एक रुपयाही दिलेला नव्हता. ते पहाटे उठून चर्चगेट लोकलच्या दारात लोंबकळत मुंबईला जातात. त्यांच्याकडे गाडी नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांचा टोल वाचला आणि कंत्राटदाराचे बुडालेले उत्पन्न भरून देण्याचे ओझे सरकारने आपल्या अंगावर घेतले. सरकारचे अंग म्हणजे कुणाचे अंग, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणजे लोकलने जाणाऱ्याने गाडीवाल्याचा टोल भरला आणि वर फटाकेही त्यानेच वाजवले!

मालाच्या ट्रकचा टोल मात्र चालूच राहिला. त्या ट्रकमध्ये काय असते? कांदे-बटाटे असतात, सिमेंट असते, विटा असतात, भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत बनलेली स्टीलची भांडी असतात. टोलची पावती ड्रायव्हरच्या हातात पडते, पण पैसे शेवटी कांदा घेणारी बाई देते. २०२५ साली हा नाका वर्सोवा पुलाकडे हलवण्याची घोषणा झाली तेव्हा वसईकडच्या लोकांनी विरोध केला. त्यांचे काही चुकले नाही. नाका नाहीसा करण्याची भाषा कुणीच करत नव्हते, आपल्या दारातला नाका दुसऱ्याच्या दारात ढकलण्याची भाषा चालली होती.

आम्ही हा विषय आज घेतला आहे तो टोलपुरता नाही. गेल्या काही वर्षांत जगभर भिंती आणि नाके यांचे दिवस पुन्हा आले आहेत. अमेरिकेचे अध्यक्ष आयातशुल्क वाढवतात, आपले सरकार कुठे वाढवते, कुठे कमी करते. सीमेवर कुंपण घालण्याच्या आणि परकीयांना हुडकून काढण्याच्या घोषणा होतात. टीव्हीवरचे पंडित या सगळ्याची चर्चा 'देश विरुद्ध देश' अशी करतात. भारत जिंकला की अमेरिका जिंकली? आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. नाका कुठलाही असो, त्याचा भुर्दंड देशाच्या आत कुणाच्या पानात वाढला जातो, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधायला वॉशिंग्टनला जावे लागत नाही. भाईंदरच्या मिठागरांपर्यंत गेले तरी पुरे.

मिठागरांचा इतिहास बघा. कंपनी सरकारच्या काळात मुंबई इलाख्यात रस्तोरस्ती मालावर जकात घेतली जाई. व्यापाऱ्यांची ओरड होती. १८३७ साली ही अंतर्गत जकात उठवण्याचा कायदा झाला. व्यापारी खूश झाले. पण सरकारने आपले उत्पन्न सोडले का? त्याच कायद्याने इलाख्यात पिकणाऱ्या मिठावर मणामागे ८ आणे कर बसवला. पुढे १८४४ साली शहरांतली जकात आणि कारागिरांवरचा मोहतर्फा उठवला, तेव्हा मिठाचा कर मणाला १ रुपया केला. त्या ऑगस्टमध्ये सुरतेत लोक रस्त्यावर आले आणि सरकारला तो १२ आण्यांवर आणावा लागला. उत्तर हिंदुस्थानात तर मीठ चोरून येऊ नये म्हणून सिंधूपासून महानदीपर्यंत नाक्यांची रांग उभी केली, बऱ्याच ठिकाणी काटेरी झाडांचे जिवंत कुंपण लावले आणि पहाऱ्याला सुमारे १२ हजार माणसे ठेवली. ते १८७९ पर्यंत टिकले.

मीठ शेठही खातो आणि त्याच्या दारातला महारही खात होता. पोटात जाणारे मीठ दोघांचे सारखेच असते, म्हणून मिठावरचा करही दोघांना सारखाच. शेठच्या उत्पन्नात तो दिसतही नाही, मजुराच्या मजुरीतून मात्र त्याचा लचका निघतो. व्यापाऱ्याच्या मालावरची जकात गेली ती अशी गेली!

हीच गोष्ट आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा घडली. मुंबई महापालिकेची जकात ३० जून २०१७ ला संपली. दहिसरच्या नाक्यावर ट्रकची मैलभर रांग लागत असे ती आमच्यातल्या अनेकांनी पाहिली आहे. घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यसूचीतली ५२ वी नोंद स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरच्या कराची होती. १०१ व्या घटनादुरुस्तीने ती वगळली आणि जीएसटी आला. टोलची ५९ वी नोंद मात्र जिथल्या तिथे आहे. जकात भ्रष्ट होती, तिच्या नाक्यावर काय चाले ते सर्वांना ठाऊक आहे, आम्ही तिच्यासाठी गळा काढणार नाही. पण जीएसटी हा मिठाच्या कराचाच नातेवाईक आहे हे विसरून चालणार नाही. उत्पन्न किती ते तो विचारत नाही.

बाबासाहेबांना आम्ही घटनेचे शिल्पकार म्हणून हार घालतो, पण ते मुळात अर्थशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या अभ्यासाची सुरुवातच या विषयापासून झाली, याची चर्चा आमच्या जयंत्यांच्या व्यासपीठावर क्वचित होते. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम. ए. साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचे वित्त हा विषय घेतला. जमीन महसूल, मीठ, अफू, जकात ही कंपनीची मिळकत कुठून येत होती आणि कुठे जात होती, हे त्यांनी तपासले. १९२५ साली लंडनहून प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावर आहे. १९२७ च्या फेब्रुवारीत मुंबई कायदे मंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी हाच मुद्दा मांडला होता: प्राप्तिकराला ठरावीक उत्पन्नापर्यंत माफी आहे, पण शेतसाऱ्याला नाही. गुंठाभर जमीन असलेला शेतकरीही तो भरतो, पीक बुडाले तरी भरतो. कर कुणाच्या ऐपतीवर बेतला आहे हे त्यांनी आधी विचारले. आज आयातशुल्कावर बोलणाऱ्या किती अर्थतज्ज्ञांनी हा प्रश्न विचारला?

आता १९२५ सालची मुंबईची एक घटना. ती आम्हाला आजच्या परिस्थितीसाठी फार महत्त्वाची वाटते. लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या हितासाठी इंग्रज सरकारने १८९६ पासून हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर लावला होता. इथल्या मालकांचा त्यावर राग होता आणि तो रास्तही होता. १९२५ मध्ये मंदी आली. मालकांनी काय केले? कामगारांच्या वेतनात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. कर साडेतीन टक्के आणि कपात साडेअकरा! सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मालक सरकारला म्हणाले, अबकारी उठवा, मग कपात मागे घेतो. कामगारांची पोरे उपाशी होती आणि त्यांच्या उपासमारीच्या बळावर मालक आपला कर माफ करून घेत होते. १ डिसेंबर १९२५ पासून सरकारने अबकारी स्थगित केली, कपात मागे घेतली गेली, संप मिटला. राष्ट्रीय वृत्तपत्रांनी याला देशी उद्योगाचा विजय म्हटले. अडीच-तीन महिने चूल पेटली नाही ती कुणाची, हे त्या विजयात कुठे आले?

आणि त्या दीड लाखांमध्येही एक नाका होताच. गिरणीतल्या विणकाम खात्यात, जिथे मजुरी जास्त, तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे, त्यामुळे सवर्ण कामगाराला विटाळ होई. आमचे आजोबा-पणजोबा सूत खात्यात कमी मजुरीवर राबले. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला, तेव्हा कामगार ऐक्याची भाषा करणारे नेते अडचणीत आले. संपात उपाशी राहायला सगळे समान, विणकाम खात्याच्या दारात मात्र वर्णव्यवस्थेचा पहारा!

आता शंभर वर्षे पुढे येऊ. अमेरिकेने ७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर २५ टक्के शुल्क लावले आणि रशियाचे तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के. पुढे वाटाघाटी झाल्या, दर खालीवर झाले. पण त्या महिन्यांत काय झाले ते पाहणे आवश्यक आहे, कारण दर खाली आला म्हणून गेलेली नोकरी परत येत नाही.

एक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे. हे शुल्क भारत सरकार भरत नाही. अमेरिकेच्या बंदरात माल उतरवून घेणारा तिथला आयातदार ते भरतो. मग तो तीन ठिकाणी हात घालतो. काही भाग गिऱ्हाइकाच्या खिशातून काढतो, काही स्वतः सोसतो, आणि उरलेल्यासाठी इथल्या निर्यातदाराला फोन करून भाव पाडायला सांगतो. तिथल्या गिऱ्हाइकांत गरीब आणि कृष्णवर्णीय कुटुंबेही आली. त्यांची सगळी कमाई वस्तू घेण्यातच जाते, म्हणून त्यांना हा कर श्रीमंतांपेक्षा जड पडतो. इथला निर्यातदार भाव पाडतो तो कशातून? सोन्याचा भाव त्याच्या हातात नाही, विजेचे बिल नाही, बँकेचे व्याज नाही. हातात एकच गोष्ट उरते, मजुरी.

अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिने बनतात आणि त्यातला मोठा हिस्सा अमेरिकेला जातो. तिथे वॅक्स सेटिंग, फायलिंग, पॉलिश करणारी हजारो माणसे विरार, नालासोपारा, भाईंदरहून रोज जातात. आमच्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये भाईंदर पूर्वेच्या एक ताई आल्या. बुद्धविहाराच्या महिला मंडळातल्या. आठ वर्षे एकाच कारखान्यात, एकाच बाकावर पॉलिशचे काम. सुपरवायझरने सांगितले, ऑर्डर नाही, बोलावू तेव्हा या. त्यांनी विचारले, वकीलसाहेब, घरी बसवले तर अर्धा पगार मिळतो म्हणतात, ते खरे का?

खरे होते. औद्योगिक विवाद कायद्याच्या २५-सी कलमात कामबंदीच्या काळात निम्मे वेतन देण्याची तरतूद होती. पण त्याला वर्षाची सलग नोकरी दाखवावी लागते. ताईंचे कागद पाहिले तर आठ वर्षांत चार ठेकेदार. दर अकरा महिन्यांनी नवे नियुक्तिपत्र, मध्ये काही दिवसांचा खंड. बाक तोच, मशीन तेच, मालक तोच, पण कागदावर त्या दरवेळी आजच कामाला लागलेल्या. आम्ही नोटीस दिली, ठेकेदाराने उत्तर दिले की या नावाची बाई आमच्याकडे तीन महिनेच होती. प्रकरण चालू आहे, त्यामुळे अधिक लिहीत नाही. ताई सध्या दोन घरची भांडी घासतात. त्यातली एक ताटवाटी भाईंदरचीच असेल.

निर्यातदारांना सरकारने वाऱ्यावर सोडले नाही. १२ नोव्हेंबर २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५,०६० कोटी रुपयांचे निर्यात प्रोत्साहन अभियान मंजूर केले. २० हजार कोटींपर्यंतच्या वाढीव कर्जाला हमी दिली. द्या, आमची तक्रार नाही. उद्योग टिकला तर काम टिकेल. पण या मदतीच्या बदल्यात कामगार कमी करणार नाही अशी अट किती मालकांकडून लिहून घेतली? उलट नऊच दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, चार श्रमसंहिता अमलात आल्या. पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात १०० कामगार असलेल्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागे, आता ती मर्यादा ३०० वर गेली. भाईंदरच्या आणि वसईच्या गाळ्यांत ३०० कामगारांचा कारखाना दिवा घेऊन शोधावा लागेल. एका महिन्यात मालकाला कर्जाची हमी मिळाली आणि कामगाराची होती तीही हमी गेली. १९२५ चे मालक निदान कपात मागे घ्यायला तयार झाले होते.

अमेरिकेच्या शुल्काचा दुसरा फटका तर अधिक कपटी आहे, कारण तो आपल्याच सरकारच्या हातून बसला. कापडगिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. विदर्भ-मराठवाड्यात कापूस वेचणीला येतो दसऱ्याच्या आसपास. ऐन त्या हंगामात बाहेरच्या गाठींना दार मोकळे. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता, खुल्या बाजारात त्याच्या खाली सौदे झाले. हमीभाव हवा तर सीसीआयकडे मोबाइलवर नोंदणी करा, सातबारा जोडा. आता सांगा, यवतमाळच्या आमच्या बौद्ध बांधवांपैकी किती जणांच्या नावावर सातबारा आहे? जे मक्त्याने किंवा बटईने जमीन कसतात त्यांनी कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर घातला. ज्या बाया किलोवर कापूस वेचतात त्यांचा तर या हिशेबात उल्लेखही होत नाही. गिरणीमालकावर पडलेला अमेरिकन बोजा असा घरंगळत घरंगळत वेचणाऱ्या बाईच्या ओटीत येऊन पडला. उतरंडीला हाच नियम असतो.

मालाच्या नाक्याविषयी इतके पुरे. माणसांच्या नाक्याविषयी लिहिल्याशिवाय मात्र हा लेख संपवता येणार नाही, कारण तो आमच्या शहरात घडलेला प्रकार आहे.

मीरा रोडला, भाईंदरला सकाळी आठला मजुरांचे नाके भरतात. गवंडी, बिगारी, रंगारी, फरशी बसवणारे. जालना-परभणीची माणसे असतात, उत्तर प्रदेशची असतात, बंगालची असतात. ज्या टॉवरमध्ये आज मराठी आणि गुजराती वादाचे आवाज घुमतात तो यांनीच बांधला. जून २०२५ मध्ये मीरा रोडच्या कनकिया भागातून मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला पोलिसांनी बांगलादेशी असल्याच्या संशयावरून उचलले. त्याच्या घरच्यांनी आणि गावच्या पंचायतीने कागद पाठवले. पश्चिम बंगालच्या यंत्रणेने विचारणा केली. तरीही काही दिवसांतच त्याला सीमेवर नेऊन पलीकडे ढकलल्याच्या बातम्या सर्व मोठ्या वृत्तपत्रांत आल्या. पुढे तो भारतीयच निघाला म्हणून त्याला परत आणावे लागले. मधले दिवस त्या माणसाने दोन देशांच्या मध्ये काढले. त्याच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई कोण देणार होते?

वकील म्हणून आम्हाला विचारतात, कायदा काय सांगतो? घटनेचे २२ वे कलम सांगते की अटक केलेल्या माणसाला २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे. २१ वे कलम 'व्यक्ती' म्हणते, 'नागरिक' म्हणत नाही. बाबासाहेबांच्या मसुदा समितीने शब्द विचार करून वापरले आहेत. परकीयांच्या कायद्यात आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावरच होती, १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ती तशीच आहे. पण जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की कुठलाही आधार नसताना कुणाचेही दार ठोठावून 'सिद्ध कर' असे म्हणता येत नाही. सिद्ध करायचे तर ते कुणासमोर तरी, सुनावणीत करायचे असते. मध्यरात्री गाडीत कोंबून सीमेवर नेल्यावर कुणासमोर सिद्ध करणार?

आमच्यातलेच काही तरुण म्हणतात, साहेब, ते मुसलमान, बंगाली, आपला काय संबंध? ८ जुलै २०२५ ला मराठीच्या प्रश्नावर मीरा रोडला मोर्चा निघाला, त्यात ते गेले होते. मराठी आमचीही आहे आणि तिचा मान राखलाच पाहिजे. पण एका दुकानदाराच्या उद्धटपणावर शहर पेटते आणि महिनाभर आधी त्याच शहरातून एक गवंडी देशाबाहेर टाकला जातो त्यावर चार माणसे जमत नाहीत, हे आम्हाला खटकते. संबंध काय विचारता? ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्याच्या एका जामीन प्रकरणात म्हटले की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र असणे म्हणजे नागरिकत्व सिद्ध होणे नव्हे. बरे, मग घरातली ट्रंक उघडा. १९७२ च्या दुष्काळात जी आई मराठवाड्यातून मुंबईच्या फुटपाथवर आली, तिचा जन्मदाखला आहे? बापाचा शाळा सोडल्याचा दाखला आहे? शाळेतच घातले नव्हते तर सोडल्याचा दाखला कुठून येणार? ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे जमिनीचे उतारे आहेत त्यांना ही भीती नाही. कागद हीसुद्धा एक मालमत्ता आहे आणि ती जातीच्या हिशेबानेच वाटली गेली आहे.

सीमेचा आणि जातीचा संबंध जुना आहे. फाळणीनंतर पाकिस्तानने सफाईचे काम करणाऱ्या अस्पृश्यांना अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली अडकवून ठेवले, त्यांना भारतात येऊ देईना. बाबासाहेबांनी १८ डिसेंबर १९४७ ला पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून याची दखल घ्यायला लावले. इतरांसाठी सीमा म्हणजे जीव वाचवायचे दार होते, आमच्यासाठी तिथेही झाडू आडवा आला! पूर्व बंगालचे नमशूद्र, ज्यांच्या भागातून बाबासाहेब संविधान सभेवर निवडून गेले, ते निर्वासित होऊन पार गडचिरोलीच्या मुलचेऱ्यापर्यंत येऊन पडले. बंगालमध्ये ते अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. दोन पिढ्या जातीच्या दाखल्यासाठी खेटे घालण्यात गेल्या.

आणि यासाठी देशाची सीमा ओलांडायचीही गरज नाही. १९९० साली मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या प्रकरणात घटनापीठाने ठरवले की आंध्रातून आलेल्या आदिवासी मुलाला महाराष्ट्रात त्या सवलती मिळणार नाहीत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व पुन्हा उचलून धरले. कायद्याचा तर्क आम्हाला कळतो: प्रत्येक राज्याची यादी वेगळी आहे. पण भाईंदरच्या गटारात उतरणारा हरियाणाचा वाल्मीकी राज्याची हद्द ओलांडताना आपली जात नाक्यावर जमा करून येत नाही. काम त्याला जातीनेच मिळते, फक्त दाखला मिळत नाही. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने निदान एवढे मान्य केले की ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण राज्याच्या हद्दीवर थांबत नाही. शिवी देणाऱ्याला यादी लागत नाही, हे न्यायालयाला पटले.

काही अर्थतज्ज्ञ म्हणतील, मग काय सगळे नाके उठवायचे? तसे आम्ही म्हणत नाही. परदेशी स्वस्त मालाच्या लोंढ्यात इथला छोटा कारखानदार बुडतो, तेव्हा आयातशुल्क लागतेच. कापसावरचे ते ११ टक्के राहावेत असेच आम्ही म्हणत होतो. आमचे म्हणणे इतकेच आहे की नाका बसवताना किंवा उठवताना जो पैसा फिरतो त्याचा हिशेब खालच्या माणसापर्यंत मांडा. निर्यातदाराला कर्जाची हमी द्या, पण त्याच कागदावर पॉलिशवाल्या ताईच्या बारा महिन्यांच्या कामाची हमी लिहून घ्या. कापसाचे शुल्क उठवले तर सातबाराशिवाय कसणाऱ्यालाही फरक द्या. मीरा-भाईंदरमध्ये इमारत बांधकामावर एक टक्का उपकर गोळा होतो, तो बांधकाम मजुरांसाठीच आहे. आपल्या शहराच्या मजूर नाक्यांवर उभ्या असलेल्यांपैकी किती जणांची मंडळाकडे नोंदणी झाली आहे, हे महापालिकेला आणि कामगार खात्याला विचारायला आमच्या कार्यकर्त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. माहितीचा अधिकार आहे. अर्जाला दहा रुपये लागतात.

आम्ही काही वकील मित्रांनी ठरवले आहे की दर रविवारी सकाळी दहा ते एक भाईंदर पूर्वेच्या विहारात बसायचे. जन्मनोंद उशिरा कशी करायची, ठेकेदाराने दिलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी काय वाचायचे, पोलिसांनी उचलले तर घरच्यांनी पहिल्या चोवीस तासांत कुणाला फोन करायचा, हे समजावून सांगू. जालन्याचा असो, बस्तीचा असो, मुर्शिदाबादचा असो, ज्याला यायचे त्याने यावे. येताना ट्रंकेत असतील तेवढे सगळे कागद आणावेत, फाटलेलेही चालतील.